दूध केंद्राच्या भिंतीवरची साळूबाई

माझ्या आईचं नाव विमल. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण आमच्या गावात आज कुणालाही विचारलं तर तो तिचं नाव साळूबाई सांगेल, आणि सांगता सांगता हसेल. साळूबाई नावाची बाई आमच्या गावात कधीच नव्हती. ती दूध केंद्राच्या भिंतीवर होती, फळ्यावर खडूनं काढलेली, चार चौकटींतली, आणि ती माझ्या वडिलांनी काढली होती. गाव बेलापूरच्या अलीकडचं, कालव्याच्या कडेचं. चहूकडं ऊस आणि घरटी एखादी तरी संकरित गाय. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ सगळा पुरुषवर्ग किटल्या घेऊन केंद्रासमोर रांगेत उभा. रांगेत ताटकळणाऱ्या माणसाला वाचायला काहीही चालतं. त्यांना साळूबाई मिळाली.

आमचं घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी आणि मागं आम्ही. मोटार सुरू झाली की आधी पट्टा फटफटायचा, मग दगड घुमायला लागायचे, आणि मग मांडणीवरचे पेले आपोआप एकमेकांना लागून किणकिणायचे. मी त्या किणकिणाटात अभ्यास केला, झोपले, आजारी पडले. पीठ कुठं नव्हतं? देवांच्या तसबिरींवर, पाण्याच्या माठावर, आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रंगाच्या डब्यांवर, आईच्या पापण्यांवर. लहानपणी मला वाटायचं, आईच्या भुवया पांढऱ्याच आहेत. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळ्यांचं पातेलं रटरटायला लागलं की आण्णा गावात कुठंही असोत, वासावर घरी यायचे. आई म्हणायची, "तुमाला सांगावा धाडायला मानूस लागत न्हाई. लसून पुरतो."

आईचं बोलणं असं होतं. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळं मोटार बंद झाली तरी आवाज तेवढाच राहायचा आणि तिचं वाक्य अख्ख्या आळीला ऐकू जायचं. दळण घेऊन आलेल्या बायका नंबर येईपर्यंत पोत्यांवर बसून राहायच्या. बाजरीनंतर आपला गहू कुणी टाकायचा यावरून रोज वाद, कारण दगडात राहिलेली बाजरी पहिल्या गव्हात उतरते आणि पोळी काळी पडते. हा वाद मिटवता मिटवता आई सगळ्यांची फिरकी घ्यायची. एकदा एक बाई सांगत होती की, माझ्या पोरीला सासरी कामच न्हाई, नुसती बसून असती. आई म्हणाली, "मग त्यांनी सून न्हाई नेली, पाव्हनी नेली. पाव्हनीला लोक चार दिसांनी वाटं लावत्यात, ध्यान ठिव." ती बाईच सगळ्यात जास्त हसली. आई टोमणा मारायची आणि लगेच त्याच बाईच्या डोक्यावर पिठाचा डबा चढवून द्यायची. त्यामुळं कुणाला लागलं तरी ते उंबऱ्यापलीकडं जायचं नाही.

आण्णा पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीत भिंतीवरची चिन्हं, सगळं त्यांच्या हातचं. हात असा की, दोन रेघांत माणूस उभा करायचे, आणि चाल बघून ओळखावा असा. स्वभावानं गोड, कुणाला नाही म्हणणं माहीत नाही, साऱ्या गावाचे लाडके. पण बोलायला सांगाल तर अगदीच बेताचे. विनोद सांगायला बसले की शेवट आधी सांगून टाकायचे आणि मग स्वतःच हसत सुटायचे. दूध संस्थेच्या चेअरमननी एकदा त्यांना केंद्राच्या भिंतीवरचा फळा रंगवायला बोलावलं. फॅट आणि दर लिहून निम्मा फळा मोकळा राहत होता. चेअरमन म्हणाले, "पेंटर, काढा की कायतरी गमतीचं. लोकांचा वेळ जाईल." आण्णांनी मोकळ्या जागेत चार चौकटी आखल्या. एक नवरा काढला, हरीभाऊ, सडसडीत, टोपी तिरकी, चेहरा हुशार. एक बायको काढली, साळूबाई, गोल गरगरीत, तोंड उघडं, भुवया पांढऱ्या. तेवढ्या पांढऱ्या भुवयांवरून गावानं पहिल्या दिवशीच ओळखलं.

मी तेव्हा अकरावीला बेलापूरला सायकलनं जायचे. वाटेत केंद्र. एकदा काय झालं, आण्णा बेलापूरच्या एका कापड दुकानाची पाटी रंगवून आले आणि जेवताना सांगायला लागले की आज सगळा बाजार माझ्याकडं बघत होता. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "शिडीवर चढलेल्या मान्साकडं लोक बघत्यातच. पडतोय का, म्हनून." मला भाकरीचा ठसका लागला. आण्णाही हसले, मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रापाशी सायकल थांबवली. फळ्यावर साळूबाई फडताळावरचा डबा काढायला शिडीवर चढली होती आणि म्हणत होती, "सारी आळी माज्याकडं बघती हो." शेवटच्या चौकटीत हरीभाऊ टोपी सारखी करून म्हणत होता, "शिडीवर चढलेल्या मान्साकडं लोक बघत्यातच. पडतोय का, म्हनून." रांगेतली माणसं किटल्या खाली ठेवून हसत होती. एकानं मला बघून दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

मग मी रोज थांबायला लागले, आणि रोज तेच. आण्णा एकादशीला साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे, केळी असं दिवसभर खात बसायचे आणि आई म्हणायची, "तुमच्या उपासापरीस तुमचं जेवान सस्त पडतं." फळ्यावर उपास साळूबाईचा आणि वाक्य हरीभाऊचं. निवडणुकीत आण्णांनी दोन्ही पॅनेलच्या भिंती रंगवल्या तेव्हा आई म्हणाली, "कुनीबी पडू द्या, तुमी निवडून आलाच." फळ्यावर तेही हरीभाऊच्या तोंडी. आमच्या घरात जी बाई हुशार आणि जो माणूस खुळा, ते दोघं घरापासून केंद्रापर्यंतच्या दोन फर्लांगांत अदलाबदल होऊन भिंतीवर पोचायचे. आण्णांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेले विनोद कोणते ते मला लगेच कळायचं. लाईट आली का ते बघायला साळूबाई काडी ओढते, असले. त्याला रांग हसायची नाही, नुसती खाकरायची.

एकदा मी जेवताना विचारलं, "आण्णा, ते वाक्य आईचं हुतं ना?" आण्णा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "घरातलंच की गं. भाकरी खाताना पीठ कुनी दळलं, असं कुनी इचारतं व्हय?" मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "आसू दे. तेवढंच लोकांच्या तोंडावर हसू येतं सकाळचं." तिला फळा फारसा बघायला मिळायचाच नाही, सकाळी गिरणीला गर्दी. जे कळायचं ते बायकांच्या तोंडून, बायकांना त्यांच्या नवऱ्यांच्या तोंडून. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष बघत वाढले, आणि आमच्या घरी तर पीठही खरं होतं.

माझी लेक आता पुण्याला नोकरी करते. ती रोज मोबाईलवर चित्रांच्या गोष्टी वाचते, चार-पाच चौकटींच्या, इंटरनेटवर येणाऱ्या. वेबकॉमिक म्हणतात त्याला. आवडली की मला पाठवते. बहुतेक मी बघून पुढं ढकलते. बायको खर्चिक, नवरा बिचारा, सासू खाष्ट, हे विनोद आमच्या दूध केंद्रावर केव्हाच शिळे झाले. एका मुलीची चित्रं मात्र मी वाट बघून वाचते. कुठल्या गावची आहे, मला माहीत नाही. ती स्वतःलाच काढते. केस पिंजारलेले, कुकर लावून झोपी जाणारी, आईला फोनवर "जेवले" सांगून बिस्किटं खाणारी, आणि मग फोनवरून आई जे एक वाक्य बोलते त्यानं ती पार आडवी होते. वाक्य आईचं असतं आणि आईच्या तोंडीच असतं. लेकीनं विचारलं, "आई, तुला हिचंच का आवडतं? चित्र तर काही धड नाही." चित्र खरंच धड नाही, आण्णांनी डाव्या हातानं याहून बरं काढलं असतं. मी तिला म्हटलं, ही दगड भिरकावते तेव्हा आधी स्वतः समोर जाऊन उभी राहते. हसवणारा कुठं उभा आहे ते बघ. तो चित्राच्या बाहेर उभा राहून आतल्यांना दात दाखवत असेल तर वाचू नकोस, चित्र कितीही देखणं असो. लेक म्हणाली, "एवढा विचार करून कोण हसतं?" कुणीच नाही. आमच्या गावानंही केला नाही.

मी अकरावीला होते त्या थंडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली. चेअरमननी आपल्या भावजयीचं नाव पुढं केलं. ती बाई घराबाहेर पडत नसे. सही करायलाही दीर कागद घरी नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इकडं गिरणीवर वेगळंच शिजत होतं. थंडी म्हणजे ऊसतोड. आमच्या गावात तेव्हा बायकांना संडास नव्हता, ऊस हाच आडोसा. कारखाना सुरू झाला, टोळ्या आल्या, की एकेक फड आडवा व्हायचा आणि बायका पहाटे लांब लांब जात राहायच्या, शेवटी कालव्याच्या भरावापलीकडं, तिथं ट्रकचे दिवे पडायचे. दिवसा तर पोट बांधूनच बसायचं. पुरुषांसमोर हे कुणी बोलत नसे. गिरणीवर मोटारीच्या आवाजात बोलत असत.

हिराकाकू आमच्या शेजारची, आईची जिवाभावाची. लहानपणी बैलगाडीवरून पडून तिचा एक खांदा उतरलेला, त्यामुळं ती तिरकी चालायची. तीच म्हणाली, "इमल, तूच हुबी ऱ्हा. आमच्यात बोलाया तुलाच येतं." बाकीच्या बायकांनी धरूनच ठेवलं. आई आधी हसली, मग म्हणाली, "कारखाना उसाचं बिल मालकाला देतो. आडोसा तर आपलाबी जातो का न्हाई? त्याचं बिल कुनी द्यायचं? मी निवडून आले तर पयला ठराव ह्योच. बायांचा संडास, आनि पंचायतीच्या खर्चानं." बायका हसून लोटपोट झाल्या आणि हसता हसता एकीनं डोळे पुसले. मला आईचा एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही. अर्ज भरला. चिन्ह मिळालं बादली. आई दळण देता देता प्रत्येकीला सांगायची, बादली ध्यानात ठेवा, आणि बायका म्हणायच्या, घरातली रिकामी बादली बघितली तरी तूच आठवतीस. ती निवडून येणार, हे चेअरमनलाही कळलं होतं. ते दोनदा गिरणीवरून मुद्दाम पायी गेले.

आणि मग आईनं घरी, जेवताना, ते आडोशाच्या बिलाचं वाक्य सांगितलं. घरातच सांगितलं, स्वतःच्या नवऱ्याला. आण्णा इतके हसले की हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. सकाळी लवकर खडू घेऊन गेले. मी कॉलेजला निघाले तेव्हा केंद्रासमोर रांग नव्हती, घोळका होता. फळ्यावर अर्धा तोडलेला उसाचा फड. मधे साळूबाई, हातात बादली, तिचं चिन्ह, आणि कोयते घेतलेल्या तोडकऱ्यांना सांगतीय, "थांबा हो, आमची सभा चाललीया." मागं उसात ओळीनं बसलेल्या बायका, पाठमोऱ्या. आण्णांचा हात होता तो. पाठीवरून सुद्धा एकेक ओळखू येत होती. एकीचा खांदा उतरलेला होता. शेवटच्या चौकटीत हरीभाऊ लोकांना हात जोडून म्हणत होता, "साळूला निवडून द्या, न्हाईतर ऊस हुबाच ठिवा." माणसं एकमेकांना बायका दाखवत होती. "ही कोन? आन् ती? आरं, ती तुझीच हाय." ज्याला आपलीच बायको ओळखू आली तो मात्र हसत नव्हता. तो किटली उचलून तसाच घरी गेला.

मी कॉलेजला न जाता घरी परतले आणि आईला सांगितलं. तिनं गिरणी बंद केली. आण्णा तेवढ्यात खुशीत आले. आई म्हणाली, "आत्ता जा आनि पुसून या." आण्णांना खरंच कळत नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघितलाय, त्यात कपट नव्हतं, आणि तेच मला आजवर पचलेलं नाही. कपटी माणसाशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, "आगं, चिन्ह लोकांच्या ध्यानात ऱ्हाईल. फुकाटची जाहिरात हाय. आख्खं गाव हसतंय." आई म्हणाली, "व्हय. हसतंय." मग ते खरंच पुसायला गेले, पण चेअरमननी हात धरला. रोज सकाळी फळा धुऊन नवा दर लिहायचा ही केंद्राची पद्धत, त्या आठवड्यात चेअरमननी दर शेजारच्या दारावर लिहायला लावला आणि सांगितलं, "ऱ्हाऊ द्या पेंटर. लई दिसांनी एवढं चांगलं जमलंय." आण्णांना नाही म्हणता येत नव्हतंच. मतदानापर्यंत चित्र तसंच राहिलं.

हिराकाकू दुपारी आली. दळण नव्हतं तिच्याकडं. दारातच उभी राहिली, एका बाजूला कललेली. तिच्या नवऱ्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमी बाया गिरनीवर ह्येच बोलता का? ती आईला म्हणाली, "आमी तुझ्यापाशी बोललो, इमल. भिताडाशी न्हाई." आई म्हणाली, "म्या न्हाई काढलं ते, हिरा." हिराकाकू म्हणाली, "सांगितलं तर तूच." त्यानंतर बायका दळण डोक्यावर घेऊन बेलापूरला जायला लागल्या. एवढी लांबची पायपीट, पण गेल्या. आई घरोघर मत मागायला गेली तेव्हा पुरुष दारातच हसायचे, "या साळूबाई, बादली आनली का?" आणि बायका आतून बाहेर यायच्या नाहीत. चेअरमनची भावजय घरी बसून निवडून आली. आईची अनामत गेली. ज्या बायकांनी तिला धरून उभं केलं, त्यांनीच तिला पाडलं, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दळण कुठंतरी दळावंच लागतं. उन्हाळा लागला तशा बायका हळूहळू परत आल्या. पण पोत्यांवर बसायच्या ते गप्प, आणि आईही गप्प. म्हणजे अबोला नाही हं, आई बोलायची. जेवायला या म्हणायची, रॉकेल संपलंय म्हणायची, मला, सुनी कंदील पुस, म्हणायची. फक्त तेवढंच म्हणायची. शेंगोळे शिजायचे, आण्णा वासावर यायचे, आई वाढायची, आणि लसणाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. एवढ्या आवाजाच्या घरात इतकी सामसूम असू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

फळा त्यानंतर फार टिकला नाही. सुरुवातीला आण्णांनी जुनीच वाक्यं फिरवून काढली. मग काडी ओढणारी साळूबाई पुन्हा आली. मग कुठल्या तरी जुन्या दिवाळी अंकातले विनोद आले, त्यात साहेब आणि स्टेनो होते, आणि आमच्या दूधवाल्यांना स्टेनो काय ते ठाऊक नव्हतं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पेंटर, साळूबाई आजारी हाय का?" चित्रं पूर्वीइतकीच देखणी होती. हरीभाऊला बोलायला काही नव्हतं, एवढंच. शेवटी आण्णा गिरणीत येऊन बसायला लागले. पट्टा ढिला झालाय म्हणायचे, पान्हा हातात घ्यायचे आणि कान बायकांकडं. एकदा त्यांनी अगदी आर्जवानं विचारलं, "काय म्हनत हुती आज हिराबाई?" आई चाळणी आपटत म्हणाली, "दळान आनलंय तिनं. बाजरी." आण्णा बोटांना लागलेला खडू धोतराला पुसून निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी चौकटी पुसल्या आणि फळ्यावर पुन्हा फॅट आणि दर तेवढे राहिले. गाव हळहळलं. पेंटरचं मन संसारात रमंना झालंय, बायको निवडणुकीत पडली त्याचा धसका घेतला बिचाऱ्यानं, असं लोक म्हणायचे. बिचारे आण्णा. शेवटपर्यंत बिचारेच राहिले, आणि गेले तेव्हा अख्खं गाव रडलं.

आण्णा गेल्यावर मी आईला नगरला माझ्याकडं आणलं. वर्ष सरायच्या आत ती पुन्हा बोलायला लागली. माझ्या नवऱ्यानं नवा टीव्ही आणून भिंतीवर लावला तेव्हा म्हणाली, "एवढी मोठी खिडकी, आन् वारा न्हाई." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढी वर्षं हे सगळं तिनं कुठं कोंडून ठेवलं होतं, आणि तिला ते पुन्हा काढायला माझा बाप मरावा लागला, हे मुलीनं कुणाला सांगायचं?

मधे गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकला. ऊस, बादली, पाठमोऱ्या बायका. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग आणि "काय दिवस होते ते". दूध संस्थेच्या वर्धापनदिनाला भिंतीवर हरीभाऊ-साळूबाई ऑइलपेंटमधे काढून घ्यायचे ठरले. चेअरमनचा मुलगा आता चेअरमन आहे, तो स्वतः गाडी घेऊन आमंत्रण द्यायला आला. मी नको म्हणत होते. आई म्हणाली, "जाऊ. हिराला भेटून तीस वरसं... न्हाई, भेटले रोज, बोलून म्हन. जाऊ." हिराकाकू त्याआधीच वारली होती. मी ते आईला सांगितलं होतं, पण ती आता विसरते.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरला होता. आईला शुगर आहे, एवढ्या प्रवासानंतर तिला जायचं होतं. केंद्राच्या बाजूलाच पंचायतीनं बांधलेली खोली, वर निळ्या अक्षरांत महिला शौचालय, आणि दाराला कुलूप. जाळीतून आत बघितलं तर ठिबक सिंचनाच्या नळ्यांची भेंडोळी कोंबलेली. एक मुलगी म्हणाली, चावी शिपायाकडं असती. शिपाई खुर्च्या मांडत होता, म्हणाला, "कार्यक्रम हू द्या, मग बघतो." पलीकडचा ऊस नुकताच तुटला होता, नुसतं पाचट. मी म्हटलं, चल आई, कुणाच्या तरी घरी जाऊ. तेवढ्यात निवेदन करणाऱ्या शाळेच्या मास्तरांनी स्पीकरवरून पुकारलं, "आणि आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या साळूबाई!" दोन पोरींनी तिला धरून मंचावर नेलं. मागं भिंतीवर ती होतीच, तेलकट रंगात चकाकणारी, गोल गरगरीत. चेअरमननी शाल घातली, हातात माईक दिला. आई काही बोलायच्या आधीच लोक हसायला लागले होते.

आईनं माईक तोंडाजवळ धरला आणि गिरणीतल्या आवाजात विचारलं, "बायांच्या संडासाची चावी कुनाकडं हाय?"

मांडव हशानं फुटला. चेअरमन डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. मास्तर म्हणाले, "बघा, या वयातही तीच साळूबाई!" आई थांबली, हशा ओसरू दिला. दोन्ही पाय तिनं एकमेकांना आवळून धरले होते. ते मला दिसत होतं, आणखी कुणाला दिसत असेल तर माहीत नाही. पुढच्या रांगांतल्या म्हाताऱ्या बायका हसत नव्हत्या, पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. आईनं पुन्हा विचारलं, याखेपी हळू, "मस्करी न्हाई. चावी कुनाकडं हाय?" त्यावर आधीपेक्षा मोठा हशा झाला. मी शिपायाला शोधलं. तो मांडवाच्या खांबाला टेकून पोट धरून हसत होता. चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला होता.